पिक्चर ट्यूबचे जनक : कार्ल फर्डिनंड ब्राउन
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मार्कोनी हे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही. बिनतारी संदेश म्हटला की मार्कोनी, हे समीकरण शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकापासून आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. परंतु १९०९ साली मार्कोनी यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते त्यांना एकट्यांना मिळाले नव्हते. त्यातील निम्मा वाटा एका जर्मन प्राध्यापकाचा होता. त्यांचे नाव कार्ल फर्डिनंड ब्राउन. पदार्थविज्ञानाच्या जगात हे नाव मोठे आहे. जर्मनीत आणि जपानात तर ते एका वस्तूला कायमचे चिकटले आहे. जुन्या दूरदर्शन संचातील आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यामागील ज्या काचेच्या नळीला आपण पिक्चर ट्यूब म्हणतो, तिला ते लोक ब्राउनची नळी म्हणतात. आपल्याकडे ट्यूब घरोघरी आली. माणसाचे नाव मात्र आले नाही.

इतिहास विषय घेतलेल्या विद्यार्थिनीने एका शास्त्रज्ञाच्या चरित्राला हात का घालावा, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. यंत्रांनाही इतिहास असतो आणि तो शेवटी माणसांचाच इतिहास असतो, हे पहिले कारण. दुसरे कारण आपल्या जुन्नर तालुक्यातच आहे. ब्राउन यांनी आयुष्यभर ज्या तीन गोष्टींमागे कष्ट घेतले, त्या तिन्ही गोष्टींचे वंशज आज नारायणगावाजवळच्या खोडद गावी एकत्र नांदत आहेत. ते कसे, हे शेवटी सांगते. आधी माणसाची ओळख करून घेऊ.

शाळामास्तर आणि खनिजाचा खडा

ब्राउन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा या गावी झाला. वडील न्यायालयात कारकून होते. गावातच शालेय शिक्षण संपवून फर्डिनंड मारबुर्ग येथे आणि पुढे बर्लिनला विद्यापीठात शिकले. १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता तारांची कंपने. तमाशाच्या फडात तुणतुण्याची तार छेडली की ती कशी थरथरते, तसलाच हा प्रश्न. त्यांनी तो गणिताने मांडला.

डॉक्टरेट हाती असूनही त्यांनी शाळेत शिकवण्याची परीक्षा दिली आणि १८७४ साली लाइपझिग येथील थॉमस विद्यालयात ते शिक्षक झाले. संगीतकार बाख याच विद्यालयात कधीकाळी संगीत शिकवीत असत. दिवसभर मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावेत, असा ब्राउन यांचा क्रम होता. याच काळात त्यांनी मुलांसाठी गणित आणि निसर्गविज्ञान यांवर एक पुस्तकही लिहिले. आपल्याला समजले ते दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसले पाहिजे, ही शिक्षकाची तळमळ त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

त्याच १८७४ साली या चोवीस वर्षांच्या मास्तरांना एक विलक्षण गोष्ट आढळली. गॅलेना म्हणजे शिशाचे खनिज. त्याच्या स्फटिकावर धातूच्या तारेचे टोक टेकवून त्यांनी वीज सोडली. तारेतून वीज दोन्ही दिशांनी सारखीच वाहते, हे सर्वांना ठाऊक होते. पण या खड्यातून ती एका बाजूने सहज जाई आणि दुसऱ्या बाजूने अडे. घराच्या दाराला आतून कडी असावी, तसा हा प्रकार! त्यांनी तो लिहून प्रसिद्ध केला. परंतु त्या वेळच्या विजेच्या व्यवहारात अशा खड्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून तो निबंध पाव शतक तसाच पडून राहिला. पुढे बिनतारी संदेश पकडण्यासाठी असेच स्फटिक कामी आले. आपल्या जगदीशचंद्र बोस यांना गॅलेनाच्याच ग्राहकासाठी १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. आज ज्याला आपण सेमीकंडक्टर म्हणतो आणि ज्यातून मोबाईलपासून कॉम्प्युटरपर्यंत सर्वांच्या चिप बनतात, त्या घराण्याच्या मूळ पुरुषांत ब्राउन यांचा तो खडा मोजावा लागतो.

अदृश्य वीज डोळ्यांना दिसली

१८७७ साली ब्राउन मारबुर्गला प्राध्यापक झाले. त्यानंतर स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरुह आणि ट्यूबिंगेन अशी त्यांची बिऱ्हाडे हलत राहिली. १८८५ साली आमेली ब्यूलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली झाल्या. १८९५ साली ते स्ट्रासबुर्गच्या पदार्थविज्ञान संस्थेचे प्रमुख म्हणून परतले. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. या शहराची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून एवढे ध्यानात ठेवावे.

त्या काळी युरोपातील शहरांत विजेचे दिवे लागू लागले होते. पण वीज कशी वाहते, हे पाहायचे कसे? दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह आपल्या आजच्या घरगुती विजेत सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे जातो. मापकातील काट्याला वजन असते. तो एवढ्या वेगाने हलणार कसा? मोटेच्या बैलाला चिलटामागे धावायला सांगण्यासारखेच ते होते. ब्राउन यांनी वजनदार काटा सोडून दिला आणि त्याच्या जागी जवळजवळ वजनच नसलेली वस्तू घेतली, ती म्हणजे कॅथोड किरण.

त्यांनी एक लांबट काचेची नळी घेतली व तिच्यातील हवा काढून टाकली. एका टोकाला कॅथोड बसवला. मध्ये बारीक भोक असलेली चकती ठेवली, म्हणजे किरणांची एक सडपातळ शलाका तेवढी पुढे जाईल. दुसऱ्या रुंद टोकाला खनिजाचा लेप दिलेला पडदा बसवला. शलाका पडद्यावर आदळली की तेथे प्रकाशाचा ठिपका उमटे. नळीच्या मानेजवळ तारेचे वेटोळे ठेवून त्यातून तपासायची वीज सोडली की तिच्या चुंबकत्वाने ठिपका वरखाली नाचू लागे. तो फिरत्या आरशात पाहिला की त्या नाचाची लाट दिसे. जे आजवर फक्त कागदावरच्या गणितात होते, ते डोळ्यांपुढे चकाकत उभे राहिले.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्राउन यांनी या नळीची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी इंग्लंडमध्ये जे. जे. टॉमसन यांनी कॅथोड किरण हे अतिसूक्ष्म कणांचे बनलेले आहेत, असे जाहीर केले. आपण त्या कणांना इलेक्ट्रॉन म्हणतो. म्हणजे इलेक्ट्रॉनची ओळख पटण्याआधीच ब्राउन यांनी त्याला लेखणी करून कामाला लावले होते!

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ब्राउन यांनी या नळीचे पेटंट घेतले नाही. रचना आणि कृती सर्व छापून टाकली. ज्याला हवी त्याने बनवावी, ज्याला सुचेल त्याने सुधारावी. १८९९ साली त्यांचेच सहायक योनाथन त्सेनेक यांनी आरशाची गरज संपवली. ठिपका विजेनेच आडवा सरकेल अशी योजना त्यांनी केली. १९०६ साली डीकमान आणि ग्लागे या दोघांनी या नळीवर अक्षरे आणि रेखाचित्रे उमटवण्याची युक्ती काढली. रशियात बोरिस रोझिंग यांनी १९०७ पासून तिच्यावर दूरचे चित्र आणण्याचे प्रयत्न केले. जपानात केंजिरो ताकायानागी यांनी १९२६ साली तिच्या पडद्यावर जपानी लिपीतील एक अक्षर दाखवले. परवानगी कोणाची घ्यावी लागली नाही आणि कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

बिनतारी आणि तिचे पेटंट

ब्राउन यांची तिसरी कामगिरी बिनतारी संदेशवहनातील. १८९८ च्या सुमारास ते या विषयाकडे वळले. मार्कोनी यांच्या सुरुवातीच्या यंत्रात ठिणगी सरळ आकाशतारेतच, म्हणजे अँटेनातच, पाडली जाई. त्यामुळे लहरी उठत आणि क्षणात विरून जात; ठिणगी कितीही मोठी केली तरी संदेश फार दूर पोहोचत नसे. ब्राउन यांनी ठिणगी अँटेनातून काढून वेगळ्या बंद मंडलात ठेवली आणि तेथे साठलेली शक्ती वेटोळ्यांच्या मार्फत अँटेनाला दिली. दोन्ही मंडले एका सुरात जुळवली. झोपाळ्याला एकदाच जोराचा धक्का देण्यापेक्षा योग्य वेळी हलके झोके दिले तर तो उंच जातो आणि जास्त वेळ चालतो, त्यातलाच हा प्रकार. १९०० साली कुक्सहाफेन बंदर आणि हेल्गोलँड बेट यांमध्ये ६२ किलोमीटर अंतरावर त्यांच्या पद्धतीने संदेश गेले. मंचरपासून पुण्यापर्यंतचे अंतर जवळपास एवढेच आहे.

१९०५ साली त्यांनी आणखी एक प्रयोग केला. त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन अँटेना उभ्या केल्या आणि त्यांना वीज देण्याच्या वेळेत किंचित फरक ठेवला. तेव्हा लहरी चहूकडे न जाता एका विशिष्ट दिशेला अधिक जोराने गेल्या. अनेक अँटेनांना वेळेच्या धाग्याने एकत्र बांधले की त्या एका मोठ्या अँटेनासारख्या वागतात, या तत्त्वाची ही सुरुवात होती.

बिनतारीच्या शोधांची पेटंटे मात्र घेतलेली होती. तेथे मोठा धंदा उभा राहत होता. १९०३ साली जर्मनीतील प्रतिस्पर्धी पद्धती एकत्र येऊन टेलिफुंकेन कंपनी स्थापन झाली. एकीकडे ती आणि दुसरीकडे मार्कोनी कंपनी, अशी झुंज सुरू झाली. १९०९ मध्ये स्टॉकहोमला दोन्ही बाजूंच्या मुख्य माणसांना एकच पारितोषिक विभागून मिळाले, तरी झुंज थांबली नाही.

परदेशातील अखेर

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडल्या. अमेरिकेशी बोलायला जर्मनीकडे जे मार्ग उरले, त्यांत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील सेव्हिल येथील बिनतारी केंद्र महत्त्वाचे होते. त्या केंद्रावर मार्कोनी कंपनीच्या बाजूने पेटंटाचा खटला उभा राहिला. खटल्यात बाजू मांडण्यासाठी चौसष्ट वर्षांचे ब्राउन, प्रकृती बरी नसताना, १९१४ च्या अखेरीस युद्धाच्या धामधुमीत समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले.

ते परत येऊ शकले नाहीत. खटला रेंगाळला. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि नोबेल पारितोषिक मिळवलेला हा वृद्ध प्राध्यापक रातोरात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्यांना तुरुंगात टाकले नाही एवढेच; पण मायदेशाची वाट बंद झाली. ब्रुकलिनमध्ये मुलाच्या घरी ते राहिले आणि तेथेच २० एप्रिल १९१८ रोजी त्यांचा देहान्त झाला. सातच महिन्यांत युद्ध संपले. ज्या स्ट्रासबुर्गमध्ये त्यांनी नळी बनवली, ते शहर फ्रान्सकडे गेले. त्यांच्या अस्थी १९२१ साली फुल्डाला, जन्मगावी आणून ठेवण्यात आल्या.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला येथे थांबून विचार करावासा वाटतो. ज्या शोधाला त्यांनी पेटंटाचे कुंपण घातले, त्या शोधाच्या राखणीसाठी त्यांना म्हातारपणी परमुलखात जावे लागले आणि तेथेच देह ठेवावा लागला. ज्या नळीला त्यांनी कुंपण घातले नाही, ती कोणाच्या राखणीशिवाय सगळ्या जगात पोहोचली. पेटंट घेणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. कष्टाचे फळ कोणालाही मिळालेच पाहिजे. पण एकाच माणसाच्या दोन शोधांनी एवढ्या दोन वेगळ्या वाटा धराव्यात, हे नजरेआड करता येत नाही.

ठिपक्यांची शेती

भारतात ही नळी घरोघरी आली ती दूरदर्शनमुळे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याकडच्या भागाला चित्र दिसू लागले. माझे आजोबा सांगतात की गावात पहिला संच आला तेव्हा तो पाहायला लोक अंगणात घोंगड्या टाकून बसत. नळीतील शलाका पडद्यावर कशी फिरते, हे शेतकऱ्याच्या मुलीला समजायला अवघड नाही. नांगर जसा तासामागून तास घालीत जातो, तशी ती ओळीमागून ओळ काढते. फरक एवढाच की बैल बांधाशी वळून उलटा तास धरतो, तर शलाका दर वेळी डावीकडूनच सुरुवात करते. आपल्या जुन्या दूरदर्शन पद्धतीत अशा ६२५ ओळींचे एक चित्र आणि सेकंदाला २५ चित्रे, असा हिशेब होता.

कॉम्प्युटरने हीच नळी उचलली. पहिल्यांदा तर ती दाखवण्यासाठी नव्हे, लक्षात ठेवण्यासाठी वापरली गेली. १९४८ साली मँचेस्टर येथील कॉम्प्युटरने आपली आकडेमोड पडद्यावरच्या ठिपक्यांच्या रूपात साठवली. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी प्रकाशाच्या लेखणीने सरळ पडद्यावर आकृत्या काढून दाखवल्या. त्यानंतर पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवण्यासाठी वेगळी स्मृती ठेवण्याची पद्धत आली. १९८१ च्या आयबीएम कॉम्प्युटरच्या रंगीत कार्डात ही स्मृती अवघी १६ किलोबाइट होती. तेवढ्यात ३२० गुणिले २०० ठिपके आणि चार रंग बसवावे लागत.

तो पडदा इंग्रजीसाठी घडवलेला होता. इंग्रजी अक्षर एका चौकोनात मावते. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे; ते चौकोनात मावायचे कसे? त्यावर आयआयटी कानपूर येथे काम सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत ते पुढे वाढले. त्यातून जिस्ट कार्ड तयार झाले. हे कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. ज्या नळीवर विजेची लाट प्रथम दिसली, तिच्याच वंशजांवर आपली मायबोली दिसू लागली.

पुढे चित्रांचा हिशेब वाढला. लाखो ठिपके आणि सेकंदाला साठ चित्रे, एवढे गणित एकट्या मुख्य प्रोसेसरला झेपेना, म्हणून त्याच्यासाठी वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर आला. १९९९ नंतर हे नाव रूढ झाले. कांद्याच्या लागणीला वीस बाया वाफे वाटून घेतात आणि एकाच वेळी हात चालवतात, तसे या चिपमध्ये हजारो लहान गणकांना ठिपके वाटून दिलेले असतात. प्रत्येकाचे काम साधेच. पण सगळे मिळून शेत एका दिवसात उरकते.

खोडदच्या माळावर

आता खोडदकडे वळू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्राने येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. जीएमआरटी म्हणून ती जगभर ओळखली जाते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश; त्यांपैकी १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटर जागेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फुटलेल्या फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन असते. शाळेत असताना मी ते पाहिले, तेव्हा एवढ्या डिश वेगवेगळ्या शेतांत का पांगवल्या, हे कळले नव्हते.

त्याचे उत्तर ब्राउन यांच्या १९०५ च्या तीन अँटेनांत आहे. तीस डिश वेळेच्या धाग्याने बांधल्या की त्या पंचवीस किलोमीटरच्या एकाच दुर्बिणीसारखे काम करतात. त्यांच्या दोन-दोनच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार सतत करावा लागतो, तेव्हा कोठे आकाशाचे चित्र तयार होते. हे काम म्हणजे पुन्हा कांद्याची लागण! म्हणूनच अलीकडे या दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, तेव्हा मुलांच्या खेळांची चित्रे रंगवण्यासाठी जन्मलेले ग्राफिक्स प्रोसेसर येथे गुणाकारासाठी बसवले गेले. त्या चिपच्या पोटात सेमीकंडक्टर आहे, म्हणजे १८७४ च्या खड्याचा वारस. आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी शेवटी पडद्यावर चित्र होऊन येतात. ब्राउन यांच्या नळीने हेच तर प्रथम केले होते.

ती काचेची नळी मात्र आता गेली. सपाट पडद्यांनी तिची जागा घेतली. मंचरच्या, नारायणगावच्या भंगारवाल्यांकडे जुन्या संचांची खोकी दिसतात. ती घरी कोणी फोडू नयेत, कारण त्या काचेत शिसे असते आणि आतल्या पोकळीमुळे तुकडे जोराने उडतात. इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्यांकडेच ती द्यावीत.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. हा लेख मी हाताने लिहिला आणि मासिकासाठी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप केला. पडद्यावर शब्द उमटत होते तेव्हा वरच्या मात्रा आणि खालचे उकार आपापल्या जागी येऊन बसत होते. त्यामागे स्ट्रासबुर्गचा एक मास्तर, कानपूर-पुण्याचे अभियंते आणि नाव न कळलेले कितीतरी हात आहेत. ब्राउन यांचे नाव तरी आपण लक्षात ठेवू या.